ट्यूसॉन ते डॅलस, १९६६ ची फोर्ड पिकअप चालवत आणायची आहे. निघण्याआधी काय काय बघू?

चाकोरीबाहेर | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, शेवटी घेतलीच. १९६६ ची फोर्ड एफ-१००, लांब हौद्याची, २४० सिक्स (सहा सिलेंडरचं) इंजिन, तीन गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. रंग एके काळी निळा असावा. ट्यूसॉनबाहेर एका शेडमध्ये उभी होती. आधीचे मालक वारल्यावर कोणी फारशी हलवलीच नाही. वाळवंटातली असल्यामुळे पत्रा कोरडा ठणठणीत, फ्रेम खालून हातोडीनं ठोकून पाहिली तर खणखणीत आवाज. बॅटरी नवी आहे, दोन सेल्फमध्ये इंजिन पकडतं, थंड असताना जरा खोकतं आणि मग सुरळीत होतं.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. अंतर साडेनऊशे मैलांच्या आसपास. मेव्हणा ट्यूसॉनमध्येच आहे, त्याचं गॅरेज आठवडाभर वापरायला मिळेल. पाना-पक्कड चालवता येते, ब्रेक शू बदललेले आहेत, पण इंजिन कधी खोललेलं नाही. निघण्यापूर्वी काय करायलाच हवं, काय घरी पोचल्यावर केलं तरी चालेल, आणि सोबत काय ठेवू? बायकोचेही काही प्रश्न आहेत, पण ते इथे विचारण्यासारखे नाहीत.

शंकासुर | ३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

अभिनंदन. आता ती ट्रेलरवर चढवा आणि घरी न्या. साठ वर्षांची गाडी, एकाच सर्किटचा ब्रेक, कमरेचा पट्टा असला तर असला, डोक्यामागे काचेशिवाय काही नाही, आणि पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्ये. पश्चिम टेक्सासात हायवेची मर्यादा ८० मैल, तुम्ही चालणार ५५ नं. हौस समजू शकतो, पण हौसेला मोल नसतं असं म्हणतात तेव्हा लोक पैशांबद्दल बोलत असतात, मानेच्या मणक्यांबद्दल नाही.

मधला_गिअर | ३ ऑक्टोबर, रात्री १०:३१

शंकासुर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार!

माझ्याकडे ह्यूस्टनला १९७२ ची शेव्हरले सी-१० आहे. इंजिनाची अजिबात काळजी करू नका. फोर्डचं २४० आणि ३०० सिक्स एकाच घराण्यातली. १९६५ ला आली, आणि ३०० तर १९९६ पर्यंत नव्या पिकअपमध्ये येत होतं. कॅमला चेन नाही, गिअर आहेत, त्यामुळे टायमिंग चेन तुटायची भीती नाही. क्रँकला सात मेन बेअरिंग. ही इंजिनं लोकांनी शेतावर पंपाला लावून वर्षानुवर्षं पळवली आहेत. बरेच भाग कुठल्याही गावातल्या पार्ट्सच्या दुकानात मिळतात.

ग्रीसगन | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

चाकोरीबाहेर, जरा सविस्तर लिहितो. मिशिगनमध्ये याच धंद्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, तेव्हा लांबण लागेल.

उभ्या राहिलेल्या गाडीत इंजिनाआधी रबर मरतं. टायर, ब्रेकचे होज, पेट्रोलचे होज, रेडिएटरचे होज, व्हील सिलेंडरमधले कप, फॅन बेल्ट. वाळवंटानं तुमचा पत्रा वाचवला, पण रबराची वाट लावली. लोक गाडी घेतात, प्लग आणि ऑइल बदलतात, इंजिन छान वाजतंय म्हणून खूश होऊन निघतात. तुम्ही उलट्या क्रमानं जा. आधी थांबता येतं का, मग चाकं जागेवर राहतात का, मग पेट्रोल आणि पाणी. इंजिन सगळ्यात शेवटी.

टायर: खोलवर नक्षी दिसते म्हणून फसू नका. टायरच्या कडेला डॉटच्या (DOT) नंबरातले शेवटचे चार आकडे बघा. १४०९ असेल तर २००९ सालचा चौदावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, त्यावर अंगणाबाहेरही जाऊ नका. दहा वर्षांवरचे सगळे बदला, स्टेपनीसकट. मूळ माप जुन्या पद्धतीचं असेल, आता बहुतेक लोक २३५/७५ आर १५ घालतात. जुन्या टायरची हवा जात नाही, त्याची अख्खी पट्टी सोलून निघते आणि जाताना फेंडर घेऊन जाते.

ब्रेक: चारही ड्रम काढा. रबराची टोपी किंचित उचलून व्हील सिलेंडर बघा. आत ओल दिसली तर तो गेला. एक गेला असेल तर चारही बदला, फार पैसे लागत नाहीत. तीन रबरी होज आहेत, पुढे दोन, मागे एक. वरून कितीही चांगले दिसले तरी बदला. हे आतून सुजतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा जोरात तेल पुढे जातं, पेडल सोडल्यावर मात्र परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं. गाडी एका बाजूला ओढते, ड्रम तापतो, आणि माणूस बेअरिंगमध्ये दोष शोधत बसतो. तेल डॉट ३ घाला, जुनं सगळं काढून. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

शंकासुरांचा एक मुद्दा खरा आहे. तुमच्या गाडीत मास्टर सिलेंडरला एकच कप्पा आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन कप्प्यांचा १९६७ च्या मॉडेलपासून आला. तो बसवता येतो, पण पाइप नव्यानं वळवावे लागतात. घाईघाईत परक्या गॅरेजमध्ये ते काम करू नका. उलट सगळ्या लोखंडी लाइन हातानं चाचपून, गंज आणि ओल शोधून, असलेली सिस्टम पूर्ण निरोगी करा. हँडब्रेक नीट धरतो का तेही बघा. पाइप फुटला तर तेवढाच उरतो.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, नातीला शाळेत सोडायचं आहे.

चाकोरीबाहेर | ४ ऑक्टोबर, दुपारी १:१५

काका, मेव्हण्याला फोनवरून टायरचा नंबर बघायला लावला. तीनांवर ०७ साल, चौथ्यावर आकडा सापडतच नाही म्हणाला. नवे पाच टायर सांगून ठेवले.

तिखटमीठ | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:२२

मी फिनिक्सची, त्यामुळे कागदांचं मी सांगते, बाकी सगळे पान्यांत गुंतले आहेत.

अ‍ॅरिझोनात नंबर प्लेट गाडीबरोबर जात नाही, विकणाऱ्याकडेच राहते. म्हणजे प्रवासासाठी तात्पुरता परवाना काढावा लागेल. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) विकणाऱ्याची सही नोटरीसमोर झालेली हवी. मूळ मालक वारले आहेत म्हणता, तर सही करणाऱ्याला विकायचा हक्क आहे याचे कागद आधी बघा. टायटलवरचा नंबर गाडीवरच्या पाटीशी आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवून पाहा. इतक्या जुन्या कागदांत टाइप करताना झालेली चूक पन्नास वर्षं तशीच राहिलेली असते, आणि ती निघते टेक्सासच्या काउंटरवर.

विमा निघण्याआधी, पोचल्यावर नाही. रस्त्यात उचलून नेण्याची मेंबरशिप घेत असाल तर किती मैल ओढून नेतील ते वाचा. पश्चिम टेक्सासात व्हॅन हॉर्नच्या आसपास पाच-सात मैलांच्या सवलतीचा काही उपयोग नाही.

सोलापुरी_चादर | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०१

इथं सोलापुरात बसून वाचायलोय. वडलांची मॅटाडोर हुती, त्यामुळं लई जीव लागलाय या धाग्यात. एक विचारतो. पेट्रोल गाडी आन वाळवंट म्हटल्यावर पेट्रोल खेचणारा एसी पंप तापून गाडी बंद पडणार न्हाई का? आमच्या मामाची जीप मे म्हैन्यात खंबाटकीत हमखास बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, बाटलीतलं पाणी वरनं सोडत ऱ्हायचं, धा मिनटात चालू. मामा घाट लागायच्या आधीच फडकं भिजवून ठेवायचा.

ग्रीसगन | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४४

सोलापुरी, तुमच्या मामांना नमस्कार सांगा. तोच रोग इथेही आहे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं उभं केलं की लाइनमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते लवकर उकळतं. इथले जुने लोक लाइनला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. त्यानं काही होत असेल असं मला वाटत नाही, पण लावणाऱ्याचं समाधान होतं. ओलं फडकं मात्र खरंच काम करतं. ऑक्टोबर आहे, फार त्रास होऊ नये. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टला टेकत नाही एवढं बघा.

आता पेट्रोलचं. टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो, नाकाला लगेच कळतं. बॅटरीवर चालणारा छोटा कॅमेरा मिळतो, तो टाकीत सोडा. तळाला तांबूस गाळ असेल तर टाकी काढून धुवा. ती सीटच्या मागेच आहे, तासाभराचं काम. टाकीचं तोंड केबिनच्या बाजूनं बाहेर येतं, तिथला रबरी जोड तडकलेला असतोच. तो बदलल्याशिवाय निघायचं नाही. केबिनमध्ये पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर "जुन्या गाडीला येतोच" असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. सगळे होज इथेनॉल चालणारे, वर ३०आर७ किंवा ३०आर९ छापलेले. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर टाका आणि खिशात आणखी तीन-चार ठेवा. टाकी कितीही धुतली तरी पहिल्या दोनशे मैलांत चिकटून राहिलेला गाळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो. गाडी चढावर मरगळते आणि लोक कार्ब्युरेटर खोलायला घेतात. आधी फिल्टर बघा.

शंकासुर | ४ ऑक्टोबर, रात्री ८:१०

आणि शिशाचं काय? १९६६ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं होतं. १ जानेवारी १९९६ पासून इथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंद. शिसं नसलं की व्हॉल्व्हच्या सीट झिजतात.

मधला_गिअर | ४ ऑक्टोबर, रात्री ८:२६

झिजतात, पण एका फेरीत नाही. वर्षानुवर्षं जोरात दामटली तर. ५५ नं घरी आणायला काही होत नाही. पुढे कधी हेड उतरवलं तर कडक सीट बसवून घ्यायच्या. मी स्वतः ऑइलला जास्त जपतो. फ्लॅट टॅपेट इंजिन आहे (टॅपेट कॅमवर घासत चालतात), झिंक असलेलं ऑइलच घाला, नाहीतर कॅम जातो.

ग्रीसगन | ४ ऑक्टोबर, रात्री ८:५८

झिंकवरून इथे चारशे प्रतिसादांचे धागे झाले आहेत, आणखी एक नको. डिझेलवालं १५डब्ल्यू-४० घाला आणि विषय संपवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रीस. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्या. या मॉडेलला पुढे ट्विन आय-बीम आहेत, १९६५ पासून आले, आणि त्यांना किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आहेत. प्रत्येक निपल फडक्यानं पुसा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. ग्रीस आत जात नसेल तर निपल बदला, "असेल थोडं आत" म्हणून सोडू नका. पुढच्या चाकांची बेअरिंगं काढून धुवा, बोटानं फिरवून बघा. निळसर डाग किंवा खड्डा दिसला की नवी. स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही.

मग प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉसवर टॉर्च मारा. कपांच्या कडेला लालसर, हळदीकुंकवासारखी बारीक पूड दिसली तर आतलं बेअरिंग कोरडं पडून स्वतःलाच दळतंय. बाहेरून बाकी काही कळत नाही, हातानं हलवलं तरी घट्ट लागतं. मग ६० च्या वेगात तो क्रॉस सुटतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल, दोन्हींच्या तेलाची पातळी बघा. उभ्या गाडीत मागचं सील सुकलेलं असतं आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, तेव्हा ड्रम काढाल तेव्हा तेही दिसेलच.

चाकोरीबाहेर | ८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ट्यूसॉनला पोचलो. दोन दिवस गाडीखालीच आहे. काका, तुमचं "हळदीकुंकू" मागच्या क्रॉसवर होतंच. दुकानात क्रॉस लगेच मिळाला, पण जुना बाहेर काढताना मेव्हण्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची ओळख झाली. डाव्या मागच्या ड्रममध्ये तेल होतं, तिथलं सील आणि दोन्ही मागचे शू नवे. व्हील सिलेंडर चारही बदलले. टाकी काढली, आतून बरी निघाली. रबरी जोड हातात आल्यावर पापडासारखा तुटला.

रेडिएटर स्वच्छ दिसतोय. होज, बेल्ट, थर्मोस्टॅट, झाकण नवं. आता निघू का?

ग्रीसगन | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

नाही. आधी अंगणात अर्धा तास चालू ठेवून बघा, पाणी उकळतं का. मग घराभोवती पाच मैल. उतरा, चारही चाकांच्या मधोमध हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देतंय असं असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. चाकांचे नट पुन्हा आवळा, नवीन बसवलेले पहिल्या काही मैलांत सैल होतात. मग पंचवीस मैल. मग बेन्सनपर्यंत जाऊन परत या, तोही हायवेच आहे, आणि काही झालं तर मेव्हणा तासाभरात पोचतो. या तिन्ही फेऱ्यांत नवं काही निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. काही निघालं तर ते करून फेरी पुन्हा.

जवळच्या माउंट लेमन डोंगरावर घेऊन जायचा मोह होईल. जाऊ नका.

तिखटमीठ | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

रस्त्याचं ठरवलंत का? आय-१० नं व्हॅन हॉर्नच्या पुढे आणि तिथून आय-२० नं पेकोस, ओडेसा, अबिलीन, फोर्ट वर्थ, हा सरळ रस्ता. पण एल पासोपासून यूएस-१८० घेतला तर ग्वादालुपे डोंगराच्या कडेनं कार्ल्सबाड, हॉब्स, लमेसा, स्नायडर करत थेट वेदरफर्डला निघता. ५५ नं चाललात तरी कोणी मागून अंगावर येत नाही. मला विचाराल तर जुन्या गाडीचा रस्ता तोच.

मधला_गिअर | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

ताई, रस्ता सुंदर आहे, पण एल पासो ते कार्ल्सबाड मध्ये काहीही नाही. फोनला रेंज नाही, पेट्रोल जवळपास नाही. नव्यानं सुरू केलेली गाडी, गेजचा काटा खरा की खोटा माहीत नाही. पहिल्या फेरीला आय-१० आणि आय-२० च. कंटाळवाणा आहे, ट्रक गर्रकन शेजारून जातात, ओडेसाच्या आसपास तेलवाल्यांची गर्दी. पण दर काही मैलांवर एक्झिट आणि थोड्या अंतरावर पार्ट्सचं दुकान. १८० पुढच्या वर्षी करा, वहिनींना घेऊन.

तिखटमीठ | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:५२

पटलं, पेट्रोलचा मुद्दा बिनतोड आहे. मग आय-१० वरच्या दोन गोष्टी. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ कोरड्या तळ्याचा पट्टा आहे, वारा सुटला की धुळीत बॉनेटसुद्धा दिसत नाही. तसं झालं तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला जा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा तुम्हाला रस्त्यावर समजून मागोमाग येतो. दुसरं म्हणजे एल पासोच्या पुढे सिएरा ब्लँकाला पूर्वेकडे जाणाऱ्या सगळ्यांना बॉर्डर पेट्रोलच्या (सीमेवर गस्त घालणाऱ्यांच्या) चौकीवर थांबावं लागतं. ग्रीन कार्डवर असाल तर ते जवळ हवं, घरी फाइलमध्ये नव्हे. आणि चौकीच्या रांगेत गाडी तापते, तेवढं लक्षात ठेवा.

मधला_गिअर | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:०८

सोबतच्या सामानात फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज, कॉइल, पेट्रोलचे फिल्टर, फ्यूज, बल्ब, तार, पाणी भरपूर, ऑइल, ब्रेकचं तेल. अग्निशामक हाताशी, सीटखाली नाही. तुमच्या गाडीला चारही दिवे एकदम उघडझाप करायची सोय बहुतेक नसेल, म्हणून तीन त्रिकोण आणि चुंबकानं चिकटणारे ट्रेलरचे मागचे दिवे घ्या. हे दिवे माझी सगळ्यात आवडती खरेदी आहे. आणि फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा: १-५-३-६-२-४. वायर एकदा निसटल्या की रात्री आठवत नाही.

सोलापुरी_चादर | ९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

आन एक फडकं.

चाकोरीबाहेर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४५

पोचलो मंडळी! गाडी दारात उभी आहे आणि बायको बाहेर येऊन बघून गेली. "हिला रंग देणार आहेस ना?" एवढंच म्हणाली.

थोडक्यात वृत्तान्त. बेन्सनच्या फेरीत पुढचं उजवं चाक चटका देत होतं. ब्रेक आवळायचा दात्यांचा स्टार दोन दाते जास्त आवळला गेला होता, सैल केल्यावर चारही सारखी. फिल्टर पहिल्यांदा बदलला लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे, दुसऱ्यांदा एल पासोत. काकांनी लिहिलं होतं तसंच, हलक्याशा चढावर गाडी मरगळली, आणि काचेतून तांबडा गाळ स्पष्ट दिसत होता. सिएरा ब्लँकाच्या चौकीवर अधिकाऱ्यानं आधी बॉनेट उघडायला लावलं, मला वाटलं झडती. मग म्हणाला, माझ्या आजोबांकडे हीच होती. मागे रांग वाढत होती आणि तो कार्ब्युरेटर बघत होता. तिथून निघताना गाडी सुरू होईना. सोलापुरी, फडकं भिजवून पंपावर टाकलं, चालू!

मिडलंडपासून अबिलीनपर्यंत समोरून असा वारा होता की पेडल तळाला टेकवूनही ५० च्या वर काटा जाईना. त्या पट्ट्यात ट्रेलरची आठवण आली, शंकासुर, खोटं कशाला बोलू.

शंकासुर | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०२

नोंद घेतली आहे. ऑइल किती प्यायली?

चाकोरीबाहेर | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

एक क्वार्टच्या (साधारण एक लिटर) थोडं वर. क्रँकच्या मागच्या मेन सीलमधून गळतंय असं वाटतं, अंगणात डाग पडलाय.

ग्रीसगन | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:३५

मेन सीलचा निकाल घाईनं लावू नका. या इंजिनात बाजूच्या पुशरॉड कव्हरच्या गॅस्केटमधून तेल खाली ओघळून मागे जातं आणि सगळे सीलला दोष देतात. इंजिन धुवा, दहा मैल चालवा, वरून खाली टॉर्च मारत या. जिथे पहिली ओल दिसेल तिथून गळतंय.

आणि नवे शू घासून बसले असतील, ब्रेक परत अ‍ॅडजस्ट करा. दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर कधी बसवताय? आता घरचं गॅरेज आहे, आता कारण चालणार नाही.

चाकोरीबाहेर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

मागवलाय काका, शुक्रवारी येतोय. पाइप वळवायचं हत्यार कोणाकडे आहे का डॅलसमध्ये? दोन दिवसांसाठी हवं. शनिवारी सकाळी पोहे आणि चहा माझ्याकडे.

मधला_गिअर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

ह्यूस्टनहून पोह्यांसाठी येणं होईल का बघतो. हत्यार आहे, फ्लेअरिंग टूलसकट. पाइप तांबं-निकेलवाला घ्या, हातानं वळतो. विचारपुशीत (वि. पू.) पत्ता पाठवा.